माहीत असलेल्या चुका

"हं, बंद केलाय कॅमेरा. आता श्वास घ्या," बाबा म्हणाले, आणि कॅमेरा तर ढळढळीत चालू होता. हे बाबा टेपमधले. खरे बाबा त्या वेळी पडद्यापलीकडे, दुकानाच्या पुढच्या भागात, कुणाचे तरी पासपोर्टचे फोटो कापत होते. हेडफोन मी नेहमी एकाच कानावर ठेवते, म्हणजे गिऱ्हाईक आलं तर कळतं. त्यामुळे एका कानात वीस वर्षांनी तरणे बाबा आणि दुसऱ्या कानात आत्ताच्या बाबांची कात्री, असं चाललं होतं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक नवरी होती. बाबांनी सांगितल्याबरोबर तिने खरंच श्वास सोडला, असा की खांदे दोन बोटं खाली आले, मग एका पायातला बूट काढून तिने बोटं दुसऱ्या पायावर खसाखसा घासली आणि डोळे मिटून "आई गं" म्हणाली. मग चित्र हललं. फरशी दिसली, बाबांचे बूट दिसले, पुन्हा फरशी. फरशी चांगली दोन मिनिटं. मग बाबांचा खणखणीत, कामाचा आवाज आला, "चला, सगळे तयार? सुरू करतोय हं!" आणि खट्. चित्र तुटलं. पुढचं चित्र आलं तेव्हा टाळ्या संपत आल्या होत्या, लोक डोळे पुसत होते आणि बाबा म्हणत होते, "झकास! केला बंद." मला आधी फिस्सकन हसू आलं. मग दचकायला झालं. जिना संपला असं समजून पाऊल टाकावं आणि अजून एक पायरी निघावी, अगदी तसं.

टेपवर नाव नव्हतं. आमच्याकडच्या प्रत्येक टेपवर बाबांच्या टपोऱ्या अक्षरात तारीख आणि आडनाव असतं, अगदी कुणाच्या तरी कुत्र्याच्या वाढदिवसाच्या टेपवरही आहे. ही तेवढी कोरी, वायरींच्या खोक्यात तळाशी, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. सुट्टी लागल्यापासून दुकानाच्या मागच्या खोलीत मी हेच करते, जुन्या कॅसेटची डिस्क. दारावर पाटीपण मीच लावली. पहिल्या आठवड्यात तीन माणसं आली, चौथ्या आठवड्यात रांग लागली. रांग म्हणजे पाच जण, पण आमच्या दुकानात पाच जण म्हणजे एकाला फुटपाथवर उभं राहावं लागतं. त्या दिवशी लोकांच्या टेपा संपल्या होत्या आणि मला ते कंगव्याच्या दातांचं प्रकरण तपासायचं होतं. जुन्या टेपचं चित्र कॉम्प्युटरवर घेतलं की हलणाऱ्या माणसाच्या कडेला कंगव्यासारख्या बारीक रेघा येतात. त्या घालवायची नवी युक्ती मला टोपीवाल्याने सांगितली होती. टोपीवाला कोण, कुठला, म्हातारा की माझ्याएवढा, मला काही माहीत नाही. ज्या सॉफ्टवेअरवर मी हे सगळं करते ते बनवणाऱ्यांपैकी तो एक आहे, आणि त्याच्या नावापुढे टोपीचं चित्र आहे. ते सॉफ्टवेअर फुकट आहे. नुसतं फुकट नाही, ते आतून कसं बनलंय तेसुद्धा कुणीही उघडून वाचावं. बाबांना हे पहिल्या दिवसापासून खटकतं. "फुकट कोण देतं गं? काहीतरी काळंबेरं असणार." मी म्हटलं, "काळंबेरं असतं तर आतलं दाखवलं असतं का?" त्यावर बाबा "हूं" म्हणाले. बाबांच्या या "हूं"चा अर्थ 'तू जिंकलीस पण मी हरलो नाही' असा असतो.

मी हे सगळं धडाधड सांगतेय, पण सुट्टी लागेपर्यंत मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. बाई दोनदा विचारायच्या, "आहेस की नाहीस?" आणि मला खरंच प्रश्न पडायचा. झालं काय, की एकदा टेप कॉम्प्युटरवर घेताना त्या सॉफ्टवेअरची प्रगती दाखवणारी हिरवी पट्टी शंभर टक्क्यांवर न थांबता एकशे तीनवर गेली. एकशे तीन! मी फोटो काढला, तीन दिवस घाबरत घालवले, आणि चौथ्या दिवशी त्यांना लिहून टाकलं की तुमच्याकडे शंभराच्या पुढेही काही असतं का. दुसऱ्या सकाळी उत्तर. टोपीवाल्याने लिहिलं होतं, 'वा! हे आमच्या कुणाच्याच नजरेला आलं नव्हतं.' आणि त्यांच्या पानावर एक यादी असते, 'माहीत असलेल्या चुका' नावाची, त्यात एकेचाळिसाव्या नंबरवर माझी पट्टी, आणि शेजारी 'शोधणारी' म्हणून माझं टोपणनाव. कुठल्या कुठल्या देशांतले लोक ती यादी वाचतात. त्या दिवसापासून माझा आवाज जो सुटला तो सुटलाच. आई हल्ली मला भोंगा म्हणते.

तर भोंगा त्या दिवशी गप्प बसून सगळी टेप बघत राहिला. एक तास बारा मिनिटं. टेप कॉम्प्युटरवर घ्यायची तर ती जेवढी आहे तेवढा वेळ लागतोच, त्यात घाई चालत नाही. त्या बहात्तर मिनिटांत लग्न सोडून सगळं होतं. लग्न नेमकं नव्हतं. प्रत्येक वेळी "सुरू करतोय" म्हटलं की खट्, आणि "बंद केला" म्हटलं की चित्र हजर. नवरा खुर्चीत तोंड उघडं टाकून झोपलेला. नवरीचे वडील आरशासमोर टाय बांधताहेत, सोडताहेत, पुन्हा बांधताहेत. दोन बायका एका खुर्चीवर दाटीवाटीने बसून एकाच बशीतलं खाताहेत आणि कुणाबद्दल तरी इतक्या हसताहेत की एकीला ठसका लागला. मधूनमधून छत, खांब आणि बूट, बूट, बूट. आणि नवरी, दर वेळी कॅमेरा 'बंद' झाला की सैल पडणारी. एकदा तिने मनगटाच्या मागच्या बाजूने चष्मा वर ढकलला आणि मी खुर्चीत ताठ बसले. असा चष्मा वर ढकलणारी एकच बाई मला माहीत होती. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातल्या काकू. हातात गोळ्या मोजायचा चमचा असतो ना, म्हणून त्या मनगट वापरतात. म्हणजे तेव्हा हातात फुलं होती, एवढाच काय तो फरक.

आई झेरॉक्स मशीनपाशी असते. मी हळूच जाऊन म्हटलं, "आई, औषधवाल्या काकूंच्या लग्नाचं शूटिंग बाबांनी केलं होतं?" आईने मशीनचं झाकण पाडलं. कागद तिरका गेला. "कुठे सापडली तुला?" तिने 'काय' विचारलंच नाही, सरळ 'कुठे'. मग तिने बाहेर बघितलं, बाबा गिऱ्हाइकाला हनुवटी वर करायला सांगत होते, आणि कुजबुजत म्हणाली, "कॅमेरा चालू असल्याचा लाल दिवा दिसला की माणसं लाकडी होतात म्हणून तुझे बाबा त्या दिव्यावर काळी पट्टी चिकटवायचे. डोळा लावायच्या काचेत 'चालू' अशी अक्षरं यायची तीपण बंद करायचे, चित्रात लुडबुड नको म्हणून. कलाकार ना! सकाळी गर्दीत कधीतरी बटण एकदा जास्त दाबलं गेलं, आणि दिवसभर सगळं उलटं. घरी येऊन बघितलं तर हे." "मग?" "मग काय. टेप मशीनने खाल्ली म्हणून सांगितलं. ती बिचारी म्हणाली, असू दे. भांडली असती तर बरं झालं असतं गं. वीस वर्षं झाली, डोकेदुखीच्या गोळीसाठी हा माणूस बस पकडून जातो." आणि मला एकदम कितीतरी गोष्टी आठवल्या, ज्या मी आजवर बाबांचा स्वभाव म्हणून सोडून दिल्या होत्या. शाळेत सोडताना आम्ही नेहमी मागच्या गल्लीने जायचो. मला ताप आला तेव्हा बाबा औषध आणायला गेले ते दीड तासाने आले आणि आईने एक अक्षर विचारलं नाही. मी त्यांच्या किती टेपा डिस्कवर चढवल्या असतील, चाळीस तरी. या टेपनंतरच्या सगळ्या टेपांमध्ये माणसं लाकडी आहेत. लाल दिव्याकडे बघणारी. पट्टी काढून टाकली असणार त्यांनी. काहीही चुकलेलं नाही, आणि बघताना झोप येते.

मी डिस्क करायला घेतली. का ते विचारू नका. हात शिवशिवत होते, आणि त्या बहात्तर मिनिटांसारखी मजेदार टेप माझ्या हाताखालून गेलीच नव्हती. तीन दुपारी लागल्या. कंगव्याचे दात काढले, गढूळ रंग निवळले, फरशीची दोन मिनिटं कापून चाळीस सेकंदांवर आणली. मग प्रकरणं पाडली, म्हणजे रिमोटने हव्या त्या जागी उडी मारता येते, आणि त्यांना नावं दिली: 'बूट, भाग एक', 'टाय', 'नवरदेव झोपले', 'एक बशी, दोन बायका'. सुरुवातीच्या पानावर, जिथून निवड करतात, तिथे एका पायातला बूट काढून बसलेली नवरी ठेवली. आणि एक गोष्ट केली. बाबांचा आवाज काढला. "सुरू करतोय", "बंद केला", सगळीकडून, एकेक शब्द शोधून पुसला. म्हणजे कुणाला कळणारच नाही की चूक झाली होती. वाटेल की मुद्दामच असं घेतलंय, आतल्या गोटातलं. मला स्वतःच्या हुशारीचं फार कौतुक वाटलं. आणि तरी ते कौतुक कुठेतरी टोचत होतं, नव्या कपड्याच्या आत राहिलेल्या टाचणीसारखं.

आईला खोकल्याचं औषध हवं होतं म्हणून मी त्याच दिवशी कोपऱ्यावर गेले. काकू गोळ्या मोजत होत्या. मी म्हटलं, "काकू, तुमच्याकडे डिस्क लावायचं मशीन आहे?" "आहे की, धूळ खातंय. का गं?" माझ्या जिभेच्या अगदी टोकाशी आलं होतं. एक वाक्य. पुढच्या क्षणी ते काउंटरवर पडलं असतं. पण काकूंनी मनगटाने चष्मा वर ढकलला आणि विचारलं, "तुझे बाबा बरे आहेत ना? समोरून आले की एकदम आभाळाकडे बघत निघून जातात. पक्षी बघायचा नाद आहे का त्यांना?" त्या खरंच विचारत होत्या! चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नाही. मी "हो" म्हटलं. "बराच," असंही म्हटलं. आणि औषधाची बाटली घेऊन बाहेर आले तर कान तापले होते. ही माझी चूक नव्हतीच, की मी कुणालाही द्यावी. एकेचाळीस नंबरची चूक मी शोधली म्हणून माझी. ही बाबांची होती, त्यांनी वीस वर्षं सांभाळलेली, आणि मी ती धुऊनपुसून, प्रकरणं पाडून, दुसऱ्याच्या हातात ठेवायला निघाले होते.

परत आले तर बाबा मागच्या खोलीत, माझ्या खुर्चीपाशी उभे. पडद्यावर सुरुवातीचं पान. एका बुटाची नवरी. मला वाटलं ओरडतील. ते ओरडत नाहीत हेच वाईट. "कुणाला विचारून?" एवढंच म्हणाले आणि पडद्याचं बटण दाबून तो बंद केला. खालचा कॉम्प्युटरचा डबा घूं घूं करत राहिला, पडदा बंद केल्याने काम थोडंच थांबतं. ती संध्याकाळ आणि दुसरा अख्खा दिवस आमच्या घरात फक्त भांडी बोलत होती. आईने दोनदा मला बघून भुवया उडवल्या, म्हणजे 'आता निस्तर'. मी पुन्हा ती पुटपुटणारी मुलगी झाले की काय अशी मला भीती वाटली. दात घासताना आरशात "हजर" असं मोठ्याने म्हणून बघितलं. आवाज होता.

तिसऱ्या दिवशी दुपारी बाबा एकटेच बसले होते. मी म्हटलं, "बाबा, दोन मिनिटं. ओरडायचं असेल तर नंतर ओरडा." आणि त्यांना त्या सॉफ्टवेअरच्या पानावर नेलं. यादी उघडली. बाबांनी वाचायचा चष्मा लावला. "हे काय?" "त्यांच्या चुका." "कुणी पकडलेल्या?" "कुणीपण. त्या ते स्वतःच लिहून ठेवतात." बाबा खाली खाली जात राहिले. 'ठरावीक टेपांमध्ये आवाज ओठांच्या पुढे जातो. कारण अजून कळलेलं नाही. क्षमस्व.' 'डिस्कचं शेवटचं प्रकरण कधीकधी दोनदा लागतं. ही चूक माझी आहे, टोपीवाला.' बाबा तिथे थांबले. "नाव घालून?" "हो." "आणि हे सगळ्या जगाला दिसतं?" "दिसतं." "आणि तरी लोक वापरतात?" "म्हणून तर वापरतात. काय बिघडलंय ते आधीच माहीत असतं ना." "हूं," बाबा म्हणाले, पण हा 'हूं' वेगळा होता, याचा अर्थ मला लागला नाही. मग त्यांना एकेचाळीस नंबर दिसला. "एकशे तीन टक्के? हे तू शोधलंस?" मी मान हलवली. बाबा हसले नाहीत, पण त्यांनी ते ओठ न हलवता पुन्हा एकदा वाचलं, हे मला त्यांच्या डोळ्यांवरून कळलं.

"लाव," ते म्हणाले. मी न समजल्यासारखं केलं. "लाव गं. ती टेप." आम्ही शेजारी शेजारी बसलो. वीस वर्षांत त्यांनी ती फक्त एकदा बघितली होती, तीसुद्धा पहिली दहा मिनिटं. टायचा प्रसंग आला तसे ते पुढे झुकले. "उजेड बघ. खिडकीतून कसा आलाय त्यांच्या गालावर. मी असा उजेड मुद्दाम कधी पकडू शकलो नाही." थोड्या वेळाने, "इथे आवाज पुढे जातोय. ओठ बघ तिचे." खरंच जात होता, मला तीन दुपारी दिसलं नव्हतं. मी सरकवून बसवला. "अजून एक केस मागे. हां." फरशी आली. बाबांनी मान वाकडी करून ऐकलं. मग म्हणाले, "इथे मी काहीतरी बोललो होतो." मी म्हटलं, "तुमचा आवाज काढलाय मी. सगळीकडचा. म्हणजे कुणाला कळायचं नाही." बाबांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवला. पडद्यावर त्यांचे स्वतःचे जुने बूट होते, एकाची नाडी सुटलेली. "परत घाल," ते म्हणाले. "बाबा, पण मग सगळ्यांना..." "परत घाल. मी ओरडतोय ते ऐकू नाही आलं, तर ही फरशी कशासाठी आहे ते कळणार कसं माणसाला?" सगळे शब्द परत घालायला मला दीड तास लागला. बाबा शेजारून हलले नाहीत. दोन गिऱ्हाइकांना आईने परत पाठवलं, "आत महत्त्वाचं काम चाललंय" म्हणून. डिस्क मशीनमध्ये घातली, हिरवी पट्टी सरकू लागली, आणि आम्ही दोघं तिच्याकडे बघत बसलो. ती शंभरावर थांबली.

काकूंना बोलवायला बाबा स्वतः गेले. पुढच्या रस्त्याने. मी दारातून बघत होते, आणि पाठमोऱ्या बाबांचे कान लाल झालेले मला इतक्या लांबूनही दिसत होते, किंवा तसं वाटलं. औषधाचं दुकान दुपारी दोन तास बंद असतं, त्या वेळात काकू आल्या. "अहो फोटोवाले, पक्षी सोडून आज माझी आठवण कशी काय?" बाबांनी माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. आईने काकूंना माझ्या खुर्चीत बसवलं, बाबा दाराच्या चौकटीला पाठ लावून उभे राहिले आणि सलग बोलले. मध्ये श्वास न घेता. "ताई, तुमची टेप मशीनने खाल्ली नव्हती. मी खोटं बोललो. मी दिवसभर बटण उलटं दाबलं. जे घ्यायचं होतं ते एकही आलेलं नाही, जे नको होतं ते सगळं आलंय. तेव्हा सांगायची हिंमत झाली नाही." काकूंचा हात चष्म्याकडे गेला आणि अर्ध्यावर राहिला. "लाव," काकू मला म्हणाल्या.

"हं, बंद केलाय कॅमेरा. आता श्वास घ्या." पडद्यावरच्या नवरीने श्वास सोडला. खुर्चीतल्या काकूंनी दोन्ही हात तोंडावर धरले. कितीतरी वेळ त्यांच्या खांद्यांवरून कळेना, हसताहेत की रडताहेत. मग आवाज फुटला. हसतच होत्या. "अगं, तो बूट! दीड बोट लहान होता तो! दिवसभर मेले मी, आणि फोटोत बघावं तर काय, राणीसाहेब!" नवरदेव झोपले तेव्हा त्यांनी माझ्या दंडावर चापट मारली. "बघ, बघ! आणि हा माणूस म्हणतो मी घोरत नाही!" टायच्या वेळी मात्र त्यांचं हसू थांबलं. त्यांचे वडील टाय बांधत होते, सोडत होते. काकूंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि तोवर टाय तिसऱ्यांदा बांधून झाला होता. मग एक बशी, दोन बायका आल्या. काकू ताडकन उठल्याच. "थांब! थांबव! ही माझी आई. आणि या सासूबाई!" "मग?" आईने विचारलं. "मग काय मग! या दोघींचं आयुष्यभर विळ्याभोपळ्याचं सख्य! एकमेकींचं तोंड बघायच्या नाहीत. आणि या बघा, एका खुर्चीत! कुणाला हसताहेत त्या? आवाज वाढव गं, मलाच हसताहेत की काय ते ऐकू दे!" मी आवाज वाढवला. त्या काकूंनाच हसत होत्या, चालताना लंगडते म्हणून. काकू इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला, आणि आई पाणी आणायला धावली.

डिस्क संपली. खोलीत फक्त डब्याचं घूं घूं. बाबा अजून चौकटीलाच होते, हाताची घडी इतकी घट्ट की बोटं पांढरी पडली होती. "बाकी काहीच नाहीये ताई," ते हळू म्हणाले. "लग्न लागलं तो क्षण, सह्या, भाषणं, काहीच. ते मी घेतलंच नाही."

"बरं झालं," काकू म्हणाल्या. "ते सगळं मला पाठ आहे. तुम्ही ते बशीचं पुन्हा लावा. आणि दोन डिस्क करा हो, एक सासूबाईंना दाखवायला लागणार."

मी रिमोट उचलला. बाबा तासाभरापेक्षा जास्त वेळ उभे होते. त्यांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढली, काकूंच्या शेजारी ठेवली आणि बसले.